"कर्ज घेतलं तर अनुदान कापणारच" म्हणणाऱ्यांसाठी

धुऱ्यावरचा

"अतिवृष्टीचे पैसे बँकेनं अडवले म्हणून बोंबलणाऱ्यांनी कलम १७१ वाचावं. कर्ज घेतलं तर बँक कापणारच." काल तालुक्याच्या ग्रुपवर एकानं हे टाकलं आणि खाली अंगठ्यांची रांग लागली. तिथं दोन ओळींत भागणारं नव्हतं, म्हणून इथं लिहितो.

१७१ वाचलेलं आहे. १८७२ च्या करार कायद्यातलं ते कलम बँकेच्या ताब्यात दिलेला माल अडवून ठेवण्याबद्दल आहे. बचत खात्यातली रक्कम म्हणजे ताब्यात दिलेला माल नव्हे, ते बँकेचं आपल्याला असलेलं देणं आहे. आपलं देणं आणि तिचं देणं यांची वजावट करायचा हक्क वेगळा. त्याला सेट-ऑफ म्हणतात आणि त्याला अटी आहेत. दोन्ही देणी त्याच माणसाची आणि त्याच नात्यानं असावी लागतात. कर्जाची मुदत संपलेली असावी लागते, रक्कम नक्की झालेली असावी लागते. जूनमध्ये उचललेल्या पीककर्जाची मुदत पुढच्या वर्षात संपत असेल, तर नोव्हेंबरात आलेल्या कापसाच्या चुकाऱ्यावर होल्ड (खात्यातले पैसे अडवून ठेवणं) कोणत्या आधारावर लागला, ते बँकेनं कागदावर सांगावं.

अतिवृष्टीच्या मदतीचं तर आणखी स्पष्ट आहे. या मदतीतून कोणत्याही बँकेनं कर्जवसुली करू नये, असं मदत वाटपाच्या शासन निर्णयातच लिहिलेलं असतं. २०२५ च्या दरानं कोरडवाहूला हेक्टरी ८,५०० रुपये. दोन हेक्टरवाल्याला १७,००० मिळतात, त्यात हरभऱ्याचं बियाणं आणि डीएपीच्या बॅगा येतात. तेच अडवले तर रब्बी पडीक राहते.

आता कामाचं. "कापले" म्हणण्याआधी पासबुक छापून घ्या आणि ओळ वाचा. शिल्लक दिसते पण निघत नाही, तर तो होल्ड. रक्कम कर्जखात्यात गेली असेल तर वजावट. एनएसीएच किंवा एसीएच (हप्ता खात्यातून आपोआप कापायची सोय) लिहिलेलं असेल तर दुसऱ्या कुणाचा हप्ता आहे, बहुतेक मायक्रोफायनान्स नाहीतर ट्रॅक्टरचा. ती संमती आपणच सही करून दिलेली असते. २० आणि ४३६ रुपये गेले असतील तर ते विम्याचे हप्ते. आणि सायबर पोलिसांच्या पत्रानं गोठलेलं खातं हे प्रकरणच निराळं, त्याचा कर्जाशी संबंध नाही.

होल्ड असेल तर त्याच दिवशी जा. होल्ड शाखेतच उठतो. एकदा रक्कम कर्जखात्यात जमा धरली की उलटी नोंद करायला वरच्या कार्यालयाची मंजुरी लागते आणि तिथं महिने जातात. अर्ज दोन प्रतींत करायचा, एकीवर शिक्का-तारखेसह पोच घ्यायची. अर्जात चारच गोष्टी मागा: कर्जखात्याचा उतारा, होल्ड लावला त्या दिवशीची थकीत रक्कम, कोणत्या अटीखाली लावला, आणि आधी नोटीस दिली असेल तर तिची प्रत. सोबत मदतीच्या यादीतला तुमचा व्हीके नंबर (विशिष्ट क्रमांक) आणि पैसे जमा झाल्याची ओळ जोडा. एक प्रत तहसीलदाराला, एक जिल्हा अग्रणी बँक व्यवस्थापकाला.

शाखेच्या काउंटरवरून

बरंच बरोबर लिहिलंय, पण अर्धंच. खातं उघडताना आणि कर्ज घेताना ज्या कागदांवर सह्या होतात, त्यात वजावटीची अट छापलेली असते. ती न वाचता सही केली, हा काही बचाव होत नाही.

दुसरं, होल्ड कुणी मुद्दाम तुमचं नाव शोधून लावत नाही. कर्ज एनपीए म्हणजे थकीत धरलं गेलं की बऱ्याच ठिकाणी त्याच ग्राहक क्रमांकाखालची सगळी खाती अडकतात. पैसा आला तो अतिवृष्टीचा की तुरीचा, हे यंत्रणेला कळत नाही. आधीची शिल्लक ४,००० असेल आणि वर १७,००० आले, तर त्यातले मदतीचे कोणते हे माणसालाच पाहावं लागतं. म्हणून अर्ज हवाच. तोंडी भांडून काउंटरवरचा क्लार्क काही करू शकत नाही.

आणि विमा आणि मदत एका मापानं मोजू नका. नैसर्गिक आपत्तीत पीककर्जाचं रूपांतरण झालं, म्हणजे ते लांब मुदतीचं केलं, आणि नवीन कर्ज दिलं, तर विम्याची भरपाई रूपांतरित खात्यात वळवायला रिझर्व्ह बँकेच्या सूचनांतच जागा आहे. मदतीच्या पैशाला जे संरक्षण आहे ते विम्याला आपोआप लागत नाही.

ज्यांच्या गावाची पैसेवारी (पीक किती आलं याचा सरकारी अंदाज) घसरलेली आहे त्यांनी आधी रूपांतरण मागावं. नुकसान ३३ ते ५० टक्के असेल तर दोन वर्षांपर्यंत आणि ५० च्या वर असेल तर पाच वर्षांपर्यंत मुदत वाढू शकते. रूपांतरण झालं की खातं थकीत राहत नाही, आणि थकीत नसेल तर होल्डला पायाच उरत नाही. या मार्गानं येणारे लोक मात्र बोटांवर मोजण्याइतके.

पऱ्हाटी

रूपांतरण मागा म्हनता, पन मागाले गेलं तं फॉर्म नाई म्हनतात, साहेब मीटिंगले गेले म्हनतात. अन् पैसेवारीचं काय घेऊन बसले भाऊ, चौदा वखर मारून पेरलेलं सोयाबीन उभ्यानं सडलं तरी कागदावर पैसेवारी चांगली निघते.

सरकारी कापूस खरेदीवाल्या सीसीआयचं पाहा. २०२५-२६ च्या हंगामात क्विंटलचा भाव ८११० होता. ओलावा ८ टक्क्याच्या वर गेला का दर टक्क्यामागं एक टक्का कापतात, १२ च्या वर गाडी वापस. म्हंजे १२ वर माप लागलं तं ७७८६ च्या आसपास पडते. दोन दिवस गाडी रांगेत उभी, वरून दव. तेवढं सोसून चुकारा आला तं तो आधार जोडलेल्या खात्यात, अन् आधार जोडलेलं खातं कर्जवाल्याच बँकेत. आधी सीसीआय कापते, मंग बँक कापते. कास्तकारानं घरी काय न्यायचं? एवढ्यासाठी तं लोक खासगी जिनवाल्याले ७००० च्या भावानं देतात, नगदी हातात भेटते म्हनून.

सात-बारा

दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ६० पाहा. शेतकऱ्याची अवजारं, जनावरं, बियाणं जप्त करता येत नाहीत, पेन्शनही नाही. मग बियाण्याचे पैसे कसे अडवतात? थेट कोर्टात जा.

शाखेच्या काउंटरवरून

कलम ६० हे कोर्टाच्या हुकूमनाम्यावरच्या जप्तीसाठी आहे. बँकेनं स्वतःच्या पुस्तकात केलेल्या वजावटीला ते तसंच्या तसं लागत नाही. या कलमाच्या भरवशावर कुणाला वकिलाची फी भरायला लावू नका. सरकारी पेन्शनला १८७१ च्या कायद्याचं वेगळं संरक्षण आहे, पण तेही जप्तीपासूनच. यापेक्षा शासन निर्णयाचा आधार दहापट मजबूत आहे, तोच धरा.

तिफन

सगळे होल्डवर बोलताहेत. होल्ड लागूच नये म्हणून लोक दरवर्षी जे नवं-जुनं करतात (जुनं कर्ज भरून लगेच नवं उचलतात), त्यावर कुणी बोलणार का?

हिशोब मांडतो. कर्ज १,२०,०००. ७ टक्क्यांनी वर्षाचं व्याज ८,४००. वेळेत भरलं तर केंद्राची ३ टक्के सूट, म्हणजे व्याज ४,८००. फरक ३,६०० रुपयांचा. आता भरायला पैसे नाहीत म्हणून गावातल्या सावकाराकडून ३ रुपये शेकड्यानं उचलले. आठ दिवसांत परत दिले तरी तो पूर्ण महिना धरतो: ३,६००. बँकेतून जी सूट मिळवली ती जशीच्या तशी सावकाराच्या घरात गेली. आणि बँकेनं भरून घेतल्यावर "नवीन फाइल करा, सर्च रिपोर्ट आणा" म्हणत तीन महिने लावले, तर १०,८०० गेले. शेतकऱ्याला विनातारण १२ टक्के आणि तारणावर ९ टक्के वर्षाला, ही परवानाधारक सावकाराची मर्यादा आहे. ३ रुपये शेकडा म्हणजे वर्षाचे ३६ टक्के. हा धंदा मार्चच्या शेवटच्या आठवड्यात बँकेच्या दारात चालतो आणि सगळ्यांना दिसतो.

नवं-जुनं करणं बंद केलं पाहिजे. थकलं तर थकू द्या आणि रूपांतरण मागा.

गटसचिव

तिफनभाऊ, हिशोबात पंजाबराव देशमुख योजनेची सवलत धरलीच नाही. ती धरली तर ३ लाखांपर्यंत वेळेत भरणाऱ्याचं व्याज शून्यावर येतं. मग फरक ३,६०० चा नाही, ८,४०० चा. सावकाराला ३,६०० गेले तरी ४,८०० हातात राहतात. शिवाय थकलेल्याला पुढच्या खरिपात दमडी मिळत नाही; तो पेरणीला त्याच सावकाराकडे जातो, तेही एका महिन्यासाठी नव्हे, सहा महिन्यांसाठी. "थकू द्या" हा सल्ला तुम्ही कुणाच्या जिवावर देताय?

तिफन

४,८०० हातात राहतात ते बँकेनं आठवड्यात परत दिलं तरच. दोन महिने लावले तर १,२०० उरतात, तीन लावले तर खिशातून जातात. शिवाय किसान क्रेडिट कार्ड पाच वर्षांसाठी मंजूर असतं, दरवर्षी मर्यादेत १० टक्के वाढ धरलेली असते. भरल्यावर पुन्हा उचलायला नवीन फाइल लागायचं कारणच नाही. फाइल मागणाऱ्या शाखेला हे लेखी विचारायला सांगा ना तुमच्या सभासदांना.

गटसचिव

हे मान्य. फाइल मागणं चूकच. पण थकवायचा सल्ला मान्य नाही तो नाहीच.

पऱ्हाटी

अन् नवं-जुनं करून नियमित राह्यलेल्याले काय भेटलं? २०१९ च्या योजनेत थकलेल्याले दोन लाखापर्यंत माफी, नियमितवाल्याले प्रोत्साहन म्हनून ५० हजार. ३० सप्टेंबर २०१९ ले खातं थकीत होतं का, एवढंच पाह्यलं. ज्यानं सावकाराचं काढून बँकेत भरलं त्याचं सावकाराचं कर्ज तसंच डोक्यावर राह्यलं. २०२५ च्या नागपूरच्या आंदोलनानंतर माफीच्या निर्णयाले ३० जून २०२६ ची तारीख देल्ली होती. कोन भरन आता? अन् याच टायमाले बँका चुकाऱ्यावर होल्ड लावून खाते भरून घेऊन राह्यल्या. खातं नियमित झालं अन् उद्या पुन्हा थकीतचीच अट आली, तं तो मानूस यादीतून बाहेर. त्याचा जाब कोनाले विचारायचा?

गटसचिव

माफीवर आज पेरणीचा हिशोब बसवू नका. तरी एवढं खरं की सभासदाला न विचारता केलेल्या वजावटीमुळं त्याची स्थिती बदलते, आणि हे शाखेनं लक्षात घ्यायला हवं.

सोसायटीवाल्यांसाठी सांगतो. तुमचं कर्ज सेवा सहकारी सोसायटीचं असतं, बचत खातं जिल्हा बँकेत. कर्ज एका संस्थेचं, खातं दुसऱ्या संस्थेत. त्यामुळं बँकेला सोसायटीच्या कर्जासाठी थेट वजावटीचा हक्क नसतो. कपात होते ती तुम्ही दिलेल्या संमतीपत्रावर. ते संमतीपत्र मागा. नसेल तर जिल्हा उपनिबंधकाकडे तक्रार करा. बँकेच्या लोकपालाकडे जाऊन उपयोग नाही, जिल्हा बँका त्यात येत नाहीत.

धुऱ्यावरचा

येतात. १ नोव्हेंबर २०२५ पासून राज्य आणि जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँका रिझर्व्ह बँकेच्या एकात्मिक लोकपाल योजनेत घेतल्या आहेत. सोसायटी येत नाही, ती उपनिबंधकाकडेच. संमतीपत्राचा मुद्दा मात्र माझ्या पहिल्या पोस्टमध्ये हवा होता, तो राहिला.

विम्याचंही मान्य करावं लागतं. मी मदत आणि विमा दोन्ही डोक्यात एकत्रच धरत होतो. काउंटरवाल्यांनी फरक दाखवला तो बरोबर आहे. पण "यंत्रणेला कळत नाही" हे मला पटत नाही. शासन निर्णय यंत्राला नाही, बँकेला उद्देशून असतो. मदत वाटपाची तारीख जाहीर असते, यादी तहसीलमध्ये असते. त्या आठवड्यात होल्ड उठवून ठेवायला कुणी अडवलंय? रांगेत उभ्या राहणाऱ्या म्हाताऱ्यानं व्हीके नंबर घेऊन तीन चकरा मारायच्या आणि मग माणसानं पाहायचं, ही पद्धत बदला.

लोकपालाचं नीट सांगतो, कारण लोक थेट तिथं जातात आणि तक्रार परत येते. आधी बँकेकडे लेखी तक्रार. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर उशीर न करता लोकपाल. फी नाही, वकील लागत नाही. चौकशीला १४४४८. ऑनलाइन जमत नसेल तर कागदी तक्रार चंदीगडच्या सेक्टर १७ मधल्या रिझर्व्ह बँकेच्या केंद्राला पोस्टानं पाठवता येते. पोच असलेली प्रत जोडली नाही तर तक्रार पहिल्याच पायरीला अडते.

आणि कर्जखात्याचा उतारा मिळाल्यावर व्याजाची बेरीज करा. अल्प आणि अत्यल्प भूधारकांच्या अल्पमुदत कर्जावर एकूण व्याज मुद्दलाच्या वर जाऊ शकत नाही. जुन्या थकीत खात्यांत हे सर्रास ओलांडलेलं असतं, पण उतारा मागतं कोण! शाखेनं "बाकी कबूल" असा कागद पुढे केला तर वाचल्याशिवाय सही नको. वसुलीच्या दाव्याची मुदत संपण्याआधीच्या लेखी कबुलीनं ती तीन वर्षांची मुदत पुन्हा पहिल्यापासून सुरू होते.

आवळा

ताई-बायांचं कुणी सांगा. नवरा-बायकोचं जोडखातं, कर्ज एकट्या नवऱ्याचं, खात्यात लाडकी बहीणचे १५०० येतात. होल्ड लागला.

शाखेच्या काउंटरवरून

ताई, जोडखात्यातली रक्कम दोघांची, कर्ज एकाचं. नातं तेच राहत नाही, म्हणून वजावट बसत नाही. लाडकी बहीणचे पैसे कर्जात वळवू नका असं शासनानं बँकांना २०२४ मध्येच सांगितलेलं आहे. अर्जात दोन्ही लिहा. मात्र बायको त्या कर्जाला जामीनदार असेल तर गणित बदलतं. जामीनदाराचं देणं कर्जदाराइतकंच धरलं जातं, पण त्याच्याकडे आधी लेखी मागणी केलेली असावी लागते. जामीनपत्राची प्रत मागा.

पुढच्या हप्त्यासाठी तिच्या एकटीच्या नावानं, जिथं कर्ज नाही अशा बँकेत किंवा पोस्ट पेमेंट्स बँकेत खातं उघडा आणि तिथं आधार सीडिंगचा (सरकारी पैशासाठी खातं आधारला जोडण्याचा) संमती अर्ज द्या. नुसतं आधारची झेरॉक्स देऊन सीडिंग होत नाही, "डीबीटीसाठी" (सरकारी पैसा थेट खात्यात येण्यासाठी) असा स्वतंत्र फॉर्म असतो. सरकारी पैसा ज्या खात्याचं सीडिंग शेवटी झालं तिथं जातो. आधारला जोडलेल्या मोबाइलवरून \*९९\*९९\*१# लावा, आधार क्रमांक टाका, बँकेचं नाव येईल. नवीन बँकेचं नाव दिसेपर्यंत जुनं खातं बंद करू नका, नाहीतर हप्ता परत जातो.

पऱ्हाटी

हे चुकाऱ्यालेही चालते का? म्हंजे सीसीआयच्या पैशाले?

शाखेच्या काउंटरवरून

चुकारा आधार जोडलेल्या खात्यातच येतो, त्यामुळं चालतं. फक्त कापूस मोजून दिल्यावर सीडिंग बदलू नका. गाडी लावायच्या आधी बदला आणि नवीन बँकेचं नाव दिसल्यावरच केंद्रावर जा.