मुलाला तंबाखूची पुडी आणायला पाठवणे: प्रतिबंध घरातून सुरू करावा की टपरीवरून?

कृष्णाकाठ

सातारा जिल्ह्यातल्या एका प्राथमिक शाळेत मी सोळा वर्षे शिकवते आहे. शाळेपासून शंभर यार्डांवर रस्त्यावर तंबाखूविक्रीबंदीची हद्द दाखवणारी पिवळी रेघ आहे, भिंतीवर फलक आहे, मुले शपथही घेतात. तरीही गेल्या पावसाळ्यात चौथीतल्या एका मुलाच्या दप्तरात गृहपाठाची वही शोधताना मला तंबाखूची पुडी आणि चुन्याची डबी सापडली. मी रागावले तेव्हा तो घाबरला नाही, गोंधळला. "बाई, आजोबांची आहे. येताना आण म्हणाले होते," एवढेच तो म्हणाला. तो तंबाखू खात नव्हता. पण चिमूटभर तंबाखूला चुना किती लावायचा, अंगठ्याने किती वेळ मळायची आणि तळहातावर थापटून भुकटी कशी उडवायची, हे सगळे त्याला येत होते, कारण आजोबांना मळून देण्याचे काम त्याच्याकडेच होते.

महाराष्ट्रात तंबाखू ओढली जाते त्याच्या कितीतरी पट अधिक खाल्ली किंवा दातांना लावली जाते. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत राज्यातल्या प्रौढांपैकी ३.८ टक्के धूम्रपान करणारे आणि २४.४ टक्के धूरविरहित तंबाखू वापरणारे आढळले. म्हणजे आपला प्रश्न मुख्यतः चंचीचा, पुडीचा आणि तव्यावर भाजलेल्या मशेरीचा आहे, आणि या वस्तू घरात उघड्यावर असतात. २०१९ मध्ये देशभरातल्या १३ ते १५ वयाच्या विद्यार्थ्यांची पाहणी झाली, तेव्हा धूरविरहित तंबाखू वापरलेल्यांपैकी ५२ टक्के मुलांनी ती दहाव्या वाढदिवसाच्या आतच पहिल्यांदा वापरली होती. दहा वर्षांच्या आतले मूल मित्रांच्या नादाने टपरीवर उभे राहत नाही. त्याच्या हातात पुडी बहुधा घरातलाच कोणीतरी देतो.

म्हणून माझे म्हणणे असे आहे की, पालकसभेत आणि ग्रामसभेत आपण सर्वांत आधी एकच गोष्ट मागावी: मुलाला पुडी आणायला पाठवायचे नाही आणि त्याच्याकडून तंबाखू मळून घ्यायची नाही. मोठ्यांचे व्यसन सुटायला वेळ लागेल, पण हे आजपासून थांबवता येते.

स्पष्टवक्ता

आपली कळकळ पोहोचली, पण निष्कर्ष मला मान्य नाही. दिवसभर ऊसतोड करून भूक मारण्यासाठी तंबाखूचा बार भरणाऱ्या म्हाताऱ्याला आपण आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करतो, आणि ती पुडी गावोगावी पोहोचवणारी साखळी मात्र मोकळी सुटते. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटखाबंदी आहे. त्यानंतर पानमसाला एका पुडीत आणि तंबाखू दुसऱ्या पुडीत, अशी जोडी टपरीवर लटकू लागली; गिऱ्हाईक दोन्ही फोडते आणि तोंडातच गुटखा तयार होतो. २०२० मध्ये राज्याने सुट्या सिगारेटच्या विक्रीवर बंदी घातली, तरी कोणत्याही महाविद्यालयासमोर पाच मिनिटे उभे राहून पाहा. २००३ च्या केंद्रीय कायद्यात अल्पवयीनांना किंवा शाळेजवळ विक्री करणाऱ्याला दंड आहे तो जास्तीत जास्त २०० रुपये, आणि एवढ्या दंडाला कोणता दुकानदार घाबरेल? शेजारच्या कर्नाटकाने विक्रीचे किमान वय २१ केले आणि दंड वाढवला. ते आधी येथे व्हायला हवे. घराघरांत प्रबोधन करत बसलो, तर आणखी एक पिढी जाईल.

टपरीवरचा

माझ्या वडिलांची तालुक्याच्या एस. टी. स्थानकाबाहेर टपरी होती आणि बारा वर्षांचा असल्यापासून मी तेथे बसत असे, म्हणून दुसरी बाजू सांगतो. आठ-नऊ वर्षांचे पोर दहाची नोट पुढे करून "बाबांना" म्हणते. आम्ही नाही म्हटले की दहा मिनिटांत बाप स्वतः येतो, चार माणसांत बोलतो आणि महिन्याची उधारी घेऊन समोरच्या दुकानात जातो. वडिलांनी एकदा नकार दिला होता, पुन्हा दिला नाही. दंड हजाराचा करा किंवा पाच हजारांचा, बापानेच पोराला पाठवले असेल तर तक्रार कोण करणार आहे? स्पष्टवक्ता म्हणतात तो कायदा हवा, पण गावाने दुकानदाराच्या पाठीशी उभे राहिल्याखेरीज तो फलकावरच राहील. आमचे पोट त्या टपरीवर होते, हेही येथे लिहिणाऱ्यांनी लक्षात ठेवावे.

दंतवैद्य

आपण तिघेही तंबाखूपाशीच थांबला आहात. माझ्या खुर्चीत बसणारी मुले त्याच्या आधीपासून सुरुवात करतात. गोड, सुगंधी सुपारीच्या पुड्या चॉकलेटच्या बरणीशेजारी टांगलेल्या असतात. त्यांत तंबाखू नसल्याने तंबाखूच्या कायद्याचा त्यांना अडसर नाही, आणि पालकांनाही त्यात काही वावगे वाटत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने मात्र २००४ मध्येच सुपारीला, तंबाखूशिवायच्या सुपारीलाही, कर्करोगकारक ठरवले आहे. सुपारीमुळे गालाच्या आतली त्वचा पांढरट आणि कडक होत जाते आणि तोंड उघडेनासे होते. निरोगी माणसाच्या तोंडात आपलीच तीन बोटे उभी मावतात. मावा, म्हणजे सुपारी, तंबाखू आणि चुन्याचे मिश्रण, खाणारा एकोणीस वर्षांचा एक मुलगा माझ्याकडे आला तेव्हा त्याचे एकच बोट जेमतेम जात होते. वडापाव चिमटीने तोडून खावा लागतो, हीच त्याची तक्रार होती. कडक झालेला गाल पूर्ववत होत नाही. मुलांना कर्करोगाची चित्रे दाखवण्यापेक्षा ही तीन बोटांची तपासणी वर्गात करून घ्यावी, असे मी सुचवतो, कारण चाळिशीतल्या आजाराची भीती बारा वर्षांच्या मुलाला वाटत नाही, पण उद्या वडापाव खाता येणार नाही हे त्याला कळते.

स्पष्टवक्ता

सुपारीचा मुद्दा माझ्या ध्यानात नव्हता, तो मान्य. पण त्यावरूनही विक्रीवरचा अंकुशच किती अपुरा आहे, हे दिसते. घराला दोष देण्याबाबतचे माझे मत बदललेले नाही.

कृष्णाकाठ

मी घराला दोष देत नाही, घराकडे मदत मागते आहे. शिवाय जो कायदा आपण कडक करू पाहता, त्याचे कलम ६ आजही अठरा वर्षांखालील कोणालाही तंबाखू विकायला मनाई करते, आणि पुडी वडिलांसाठी आहे असे सांगितल्याने ती विक्री कायदेशीर ठरत नाही. टपरीवरचा यांच्या वडिलांनी नकार दिला तेव्हा कायदा त्यांच्याच बाजूने होता, गाव नव्हते. येत्या ग्रामसभेत पालकांच्या शब्दाबरोबरच नकार देणाऱ्या दुकानदाराला गावाचा पाठिंबा असल्याचा ठराव मी मांडणार आहे. दंतवैद्यांची सूचना तर सोमवारपासूनच वर्गात घेते.

त्या मुलाच्या घरी मी गेले होते. आजोबांचे गुडघे दुखतात आणि दुकान लांब आहे. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि नातवाला पाठवणार नाही असा शब्द दिला. दुसऱ्या आठवड्यात मला ते काठी टेकत स्वतः दुकानाकडे जाताना दिसले. मळून कोण देते, असे विचारल्यावर मात्र त्यांनी खाली पाहिले.