बोलेरोत ऑक्सिजनच्या मशीनसाठी इन्व्हर्टर बसवायचाय, कोणी बसवलाय का?

जिंतूरचा शेतकरी
नमस्कार मंडळी. माझ्या मायला फुप्फुसाचा जुना आजार आहे. घरी पाच लिटरचं ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर, म्हणजे हवेतून ऑक्सिजन काढणारं मशीन आहे, ते दोनवर (मिनिटाला दोन लिटर) लावून ठेवतो. दर महिन्याला तिला छत्रपती संभाजीनगरला डॉक्टरकडं न्यावं लागतं. जिंतूर, मंठा, जालना असा रस्ता, थांबत थांबत चार तास धरा. आतापर्यंत सिलिंडर घेऊन जायलो. पण माय सगळ्या वाटेनं त्या काट्याकडंच बघत बसते, किती उरला म्हणून. तिचा जीव तिथंच अडकलेला असतो. म्हणून मशीनच गाडीत चालवायचं ठरवलं.

गाडी २०१४ ची डिझेल बोलेरो. मशीनच्या मागं ३५० वॅट लिहिलंय. दुकानदारानं ५०० वॅटचा इन्व्हर्टर दिला, लायटरच्या सॉकेटात घाला म्हणला. अंगणात लावून पाहिला. मशीन गुरगुरलं आणि दोन मिनिटांत गाडीचा फ्यूज गेला. मी २० अँपिअरचा काढून ३० चा टाकला. मशीन चाललं, पण सॉकेटाजवळ जळका वास यायला लागला. लगेच बंद केलं. पुढची तारीख वीस दिवसांवर आहे. काय करू?

लातूरकर
दादा, माझ्या सासऱ्यांसाठी आम्ही बॅटरीवरचं छोटं मशीन घेतलं. त्याची १२ व्होल्टची वायर थेट लायटरला लागते, इन्व्हर्टर नकोच. पण महाग आहे, आणि आमचं मशीन सलग ऑक्सिजन देत नाही, श्वास घेतला की तेवढ्यापुरता सोडतं. काही पेशंटला ते पुरत नाही. डॉक्टरला विचारल्याशिवाय घेऊ नका.

वायरिंग मिस्त्री, परभणी
भाऊ, पहिलं काम आत्ता उठून करा. तो ३० चा फ्यूज काढा आणि २० चाच परत घाला. फ्यूज वायर वाचवायला असतो. मोठा फ्यूज टाकला की फ्यूजच्या जागी वायर जळते, आणि ती वायर डॅशबोर्डच्या आत इतर वायरींच्या जुडग्यात असते. वास आला तेव्हा बंद केलं, फार चांगलं केलं. माझ्याकडं अशी एक गाडी टोचन करून आली होती, डॅशबोर्ड अर्धा वितळलेला. आतली माणसं वेळेवर उतरली म्हणून वाचली.

आता हिशोब बघा. ३५० वॅट म्हणजे १२ व्होल्टवर २९ अँपिअर. इन्व्हर्टर स्वतः थोडी वीज खातो, म्हणून ३० ते ३५ धरा. लायटरचा सॉकेट एवढ्या कामाचा नाहीच, तो मोबाइल नि टायरमधल्या हवेच्या पंपापुरता. शिवाय तुमच्या मशीनमध्ये कॉम्प्रेसर आहे. तो सुरू होताना क्षणभर दुप्पट-तिप्पट ओढतो. म्हणून ५०० चा पुरणार नाही, १००० वॅटचा घ्या, आणि तोही प्युअर साइन वेव्हच, म्हणजे घरच्या विजेसारखी वीज देणारा. गुरगुरलं म्हणता त्यावरून तुमचा साधा, चौकोनी वेव्हचा असावा. त्यावर मोटर तापते. पंख्याचं ठीक आहे, माणसाच्या श्वासाचं मशीन त्यावर चालवू नका.

वायर थेट बॅटरीवरून ओढा. तांब्याची, २५ स्क्वेअर एमएम, प्लस आणि मायनस दोन्ही. इथंच लोक पैसे वाचवतात आणि फसतात. चार स्क्वेअर एमएमची वायर तीन मीटर नेली, तर कॉम्प्रेसर उचलताना दोन व्होल्ट वायरीतच संपतात. मग इन्व्हर्टरला वाटतं बॅटरी उतरली, तो चिरकतो आणि बंद पडतो. गिऱ्हाईक म्हणतं इन्व्हर्टर खराब. मायनसला गाडीच्या बॉडीचं अर्थिंग घेता येतं, पण दहा-बारा वर्षांच्या गाडीत बोल्टाखाली गंज असतो. मी दुसरी वायरच ओढतो.

प्लसच्या वायरीला १०० अँपिअरचा एएनएल फ्यूज (नटानं आवळायचा मोठा फ्यूज), बॅटरीपासून वीतभर अंतरावर. इन्व्हर्टरजवळ नको, कारण मधली वायर कुठं पत्र्याला घासली तर तो फ्यूज काय वाचवणार? बॉनेटमधून आत येताना पत्र्याच्या भोकाला रबरी ग्रोमेट (रबराची कडी) लावा. वायरीच्या टोकाचं थिंबल हायड्रॉलिक प्रेसनं दाबून घ्या, पकडीनं चेपलेलं चालत नाही. इन्व्हर्टर बॉनेटमध्ये बसवू नका, तिथं तो भाजून निघतो. पुढच्या सीटखाली पट्ट्या मारून बसवा, पंख्यापुढं चार बोटं जागा मोकळी ठेवा.

चालवायचं कसं ते घरातल्या सगळ्यांना शिकवा. आधी गाडी सुरू, मग इन्व्हर्टर, मग मशीन. बंद करताना उलटं. स्टार्टर मारताना व्होल्टेज खाली जातं, तेव्हा मशीन चालू नको. चहाला थांबलात तरी इंजिन बंद करू नका. इंजिनाशिवाय पाऊण तासात बॅटरी अशी बसेल की डिझेल गाडी उठणार नाही. इन्व्हर्टर आपोआप बंद होतो म्हणतात, पण तो साडेदहा व्होल्टला होतो. तोवर उशीर झालेला असतो. म्हणून एक छोटा व्होल्टमीटर डोळ्यासमोर लावा. गाडी चालताना १३.८ ते १४.४ दिसायला हवं. तेराच्या खाली आलं तर अल्टरनेटर (इंजिनावर फिरून बॅटरी चार्ज करतो तो) कमी पडतोय, आधी एसी बंद करा. थांबलेल्या गाडीत १२.२ दिसलं की मशीन बंद करून सिलिंडरवर घ्या.

स्टाफ नर्स, जालना
मिस्त्रींनी सगळं नीट सांगितलंय, माझ्याकडून दोन गोष्टी. सिलिंडर घरी ठेवून जाऊ नका. इन्व्हर्टर बसला तरी भरलेला सिलिंडर सोबत हवाच. बी टाइपच्या सिलिंडरमध्ये ऑक्सिजन साधारण १५०० लिटर असतो, दोन लिटरनं बारा तास पुरतो. आईंना हा आकडा सांगा, काटा बघायची गरज राहणार नाही. सिलिंडर पट्ट्यानं घट्ट बांधा, रेग्युलेटरला तेल-ग्रीसचा हात लावू नका आणि गाडीत कोणी बिडी पेटवणार नाही हे बघा.

दुसरं म्हणजे ऊन. बहुतेक मशीन ४० अंशांपर्यंतच्या हवेसाठी बनवलेली असतात. आपल्याकडं मे महिन्यात बंद गाडी त्याच्या कितीतरी वर जाते. मशीन डिक्कीत सामानाखाली कोंबू नका, सीटजवळ उभं ठेवा आणि पहाटे निघा. धुळीची जाळी आल्या-गेल्यावर धुवा. मशीन सुरू केल्यावर ऑक्सिजन पूर्ण तयार व्हायला काही मिनिटं लागतात, तोवर आईंना सिलिंडरवरच राहू द्या. बोटाचं ऑक्सिमीटर हाताशी ठेवा. फ्लो मात्र स्वतःच्या मनानं वाढवू नका, या आजारात जास्त ऑक्सिजननंही त्रास होतो.

जिंतूरचा शेतकरी
मंडळी, काल जाऊन आलो. इन्व्हर्टर बदलून हजार वॅटचा घेतला, मिस्त्रींनी सांगितली तशीच वायर ओढली. पहाटे चारला निघालो. रस्त्यानं व्होल्टमीटर १४.१ वर होता. जालन्यात गर्दीत अडकलो, हेडलाइट आणि एसी दोन्ही चालू, तेव्हा १२.९ झाला. एसी बंद केला, तेराच्या वर आला. मायला बारा तासांचा आकडा सांगितला होता. मंठ्याच्या पुढं ती झोपली. गाडीत ती झोपलेली मी किती दिवसांनी पाहिली.

एक शंका आहे मिस्त्री मामा. घरी आल्यावर फ्यूजच्या डबीला हात लावला, एका बाजूचा नट दुसऱ्यापेक्षा गरम लागला. काही करू का?

वायरिंग मिस्त्री, परभणी
करायलाच लागंल. दोन्ही बाजू सारख्या कोमट असत्या तर काही नव्हतं. एकच गरम म्हणजे तिथं नट सैल आहे किंवा थिंबल नीट बसलं नाही. आधी बॅटरीची मायनस काढा, मग नट खोला, थिंबल पॉलिश पेपरनं घासा, स्प्रिंग वॉशर टाकून आवळा. पुढच्या फेरीआधी मशीन अर्धा तास चालवून परत हात लावून बघा. तरीही गरम लागला तर गाडी घेऊन या, थिंबल नवीन दाबून देतो. मायला नमस्कार सांगा.