नरक्याचा काढा आणि म्हणे 'कंपन्यांचा डाव'

घाटमाथा: काल इथे कुणीतरी ठोकून दिलंय, "नरक्यात कॅन्सरचं औषध आहे, साल उकळून प्या, कंपन्या त्यात उगाच केमिकल घुसडतात." डोकंच सणकलं. नरक्या या आपल्या सह्याद्रीतल्या झाडात कॅम्प्टोथेसिन हे कॅन्सरवर चालणारं रसायन आहे, मान्य. 1966 मध्ये वॉल आणि वाणी या शास्त्रज्ञांनी ते एका चिनी झाडातून शोधलं. हे मनसुख वाणी आपल्या नंदुरबारचे. पण ते पाण्यात विरघळेना. म्हणून सोडियम क्षार करून पेशंटना टोचला, तर लघवीतून रक्त! गुण यथातथाच. चाचण्या गुंडाळल्या. क्षार करताना रेणूचं एक कडं उघडत होतं आणि औषधाचा जोर त्या कड्यातच होता. पुढे रेणूत फेरफार करून टोपोटेकान, इरिनोटेकान ही कॅन्सरची औषधं आली. हेच तुमचं "उगाच केमिकल". आणि जे पाण्यात विरघळतच नाही, त्याचा काढा कसला उकळताय?

जडीबुटी: आलात का शिकवायला! माझ्या मावशीला आतड्याच्या कॅन्सरसाठी इरिनोटेकानच चालू होतं. जुलाबांनी पार गळून गेली. संडासाच्या दाराशी खुर्ची टाकून बसायची. हीच का सुधारणा?

घाटमाथा: जुलाब होतात, नाही कोण म्हणतंय? म्हणून तर आता त्याच जातीचं रसायन अँटिबॉडीला, म्हणजे कॅन्सरच्या पेशींना चिकटणाऱ्या प्रथिनाला, बांधून गाठीपर्यंत नेतात. ट्रास्टुझुमॅब डेरुक्सटेकान हे तसलंच इंजेक्शन, ऐकलंय?

कोयनाकाठ: तुमचे रेणू ठेवा बाजूला. आमच्याकडे नरक्या उरलाय कुठे? त्या रसायनापायी बुंध्यातून तोडतात, मुळंसुद्धा उपसतात, ढलप्या वाळवून पोत्यांत भरतात, रात्री टेम्पो येतो. सापडतो कोण, तर पोती वाहणारा पोरगा. व्यापारी नामानिराळा.

सातारी: आणि वनखातं घोरतंय!

कोयनाकाठ: खात्याला शिव्या घालायला काय जातं? एका गार्डाच्या गळ्यात अख्खा डोंगर. एक रात्र फिरून दाखवा त्याच्याबरोबर, मग बोला.

सातारी: माझा काका त्याच खात्यातून रिटायर झालाय, मला नका सांगू.

बुरशीवाली: अहो, भांडताय काय! नरक्याच्या आत राहणाऱ्या बुरशीतही कॅम्प्टोथेसिन सापडलंय. झाड तोडायचीच गरज नाही.

कोयनाकाठ: मग अडलंय कुठे?

बुरशीवाली: प्रयोगशाळेत पुन्हा पुन्हा वाढवली की तिचं उत्पादन घटत जातं.

कोयनाकाठ: म्हणजे कुऱ्हाड चालूच. छान!

जडीबुटी: बरं बाबा, काढा नको. साष्टांग दंडवत! आता त्या अँटिबॉडीवाल्या इंजेक्शनची किंमतही सांगा. लोक काढ्याकडे का वळतात ते आपोआप कळेल.

कोयनाकाठ: किमतीचा धागा वेगळा काढा. इथे आधी त्या ढलप्या विकत कोण घेतं ते बोला.