एलिमिनेशन मोडला बॉम्ब हवाच का? (चर्चा)

धूरकांडी:
टीम करून खेळायच्या शूटर गेममधला एलिमिनेशन मोड: एक जीव, रीस्पॉन (मेल्यावर परत जिवंत होणं) नाही, समोरची टीम संपली की डाव आपला. नियम वाचायला झकास. तरी माझं मत असं, की बॉम्ब, झेंडा, पॉइंट यांपैकी काहीच नसलेला निव्वळ एलिमिनेशन मोड लवकर शिळा होतो. पुढे जाणाऱ्याला काही मिळत नाही आणि थांबणाऱ्याचं काही जात नाही. हे दोन्ही टीमना उमगलं की दोघीही कोपरे धरून बसतात.

काउंटर-स्ट्राइकने ही गाठ कशी सोडवली ते बघा. तिथे टेररिस्ट बॉम्ब लावतात, सीटी (काउंटर-टेररिस्ट) त्यांना रोखतात. डाव 1 मिनिट 55 सेकंदांचा. बॉम्ब लागला नाही तर वेळ संपताच डाव सीटींचा. शिवाय बॉम्ब न लावता वेळ संपेपर्यंत जो टेररिस्ट जिवंत उरतो त्याला हरलेल्या डावाचे पैसे (ज्यांतून पुढच्या डावाच्या बंदुका घ्यायच्या) मिळत नाहीत. जीव वाचला, खिसा रिकामा! बॉम्ब लागला की पारडं फिरतं: 40 सेकंद सुरू होतात आणि आता सीटींना हलावंच लागतं. सगळे टेररिस्ट मारले तरी डाव संपत नाही, बॉम्ब निकामी करावा लागतोच. त्याला 10 सेकंद, 400 डॉलरचं किट असेल तर 5.

एकास एक उरल्यावर काय होतं ते आठवा. सीटी बॉम्बपाशी पोचतो, निकामी करायची कळ दाबतो, टुक असा आवाज होतो, लगेच सोडतो. टेररिस्टने डोकं काढलं की मेला. तो हुशार असेल तर पहिल्या आवाजाला हलत नाही, पण मग दुसरा आवाज खरा की खोटा? सीटीकडे किट नसेल आणि घड्याळ 10च्या खाली गेलं असेल, तर टेररिस्टने बाहेर यायची गरजच नाही. निव्वळ एलिमिनेशनमध्ये हे सगळं कुठून आणणार?

तिरकी_नजर:
असहमत. कॅम्पिंगचं (कोपऱ्यात दबा धरून बसण्याचं) खापर मोडवर फोडू नका. क्वेक या शूटरचा क्लॅन अरीना मोड घ्या: सगळी हत्यारं पहिल्या क्षणापासून हातात, नकाशावर उचलायला काही नाही, बॉम्ब नाही, झेंडा नाही. तिथे कोपऱ्यात बसून बघा. रॉकेट भिंतीवर फुटलं तरी आच लागते आणि समोरचा उड्या मारत डोक्यावर येतो. कोपरा म्हणजे तिथे सापळा. रोग कुठला? संथ चाल, एका गोळीत मरण आणि गरजेपेक्षा मोठा नकाशा. हे तिन्ही एकत्र आले की बॉम्ब लावा नाहीतर झेंडा रोवा, लोक बसणारच.

आणि बसणारा नेहमी जिंकतो हाही गैरसमज आहे. कोपऱ्याला चिकटून उभं राहिलात तर तुमचा खांदा आधी बाहेर दिसतो. समोरचा त्याच कोपऱ्यापासून लांब असेल तर तो तुम्हाला आधी बघतो, तुम्ही त्याला नंतर. त्यात नेटवर्कचा उशीर धरा: पुढे सरकणाऱ्याच्या पडद्यावर तुम्ही आधीच दिसता, तुमच्या पडद्यावर तो अजून यायचा असतो. म्हणजे बसायचंच तर भिंतीपासून दोन पावलं मागे बसा आणि एक गोळी झाडली की जागा बदला. हे न करता मरणारे मोडला शिव्या घालतात.

बॉम्बने आणलेला रोग तर तुम्ही सांगितलाच नाहीत: सेव्ह, म्हणजे डाव सोडून बंदूक पुढच्या डावासाठी जपणं. चौघांसमोर दोन सीटी उरले, बॉम्ब लागलेला आहे, आणि हे दोघे 4750 डॉलरची एडब्ल्यूपी स्नायपर छातीशी धरून नकाशाच्या दुसऱ्या टोकाला लपलेत. त्यांचे मेलेले तिघे ते दृश्य बघत बसतात.

धूरकांडी:
सेव्ह बॉम्बमुळे होत नाही, अर्थव्यवस्थेमुळे होतं. हरल्यावर 1400 ते 3400 डॉलर मिळतात, त्यात एडब्ल्यूपी परत येत नाही, म्हणून लोक ती जपतात. बंदुका विकत घ्यायचा भाग काढून टाका, सेव्ह आपोआप मरेल. क्लॅन अरीनाचं म्हणाल तर मान्य, पण तो दाखला रॉकेट असलेल्या खेळांपुरता. आज बहुतेक लोक खेळतात ते नेम धरून मारायचे शूटर आहेत.

नकाशेवाला:
दोघांचाही अर्धा मुद्दा बरोबर, पण खरी मेख आकड्यांत आहे.

लँचेस्टरचा वर्गनियम 1916 सालचा आहे, लढाईसाठी मांडलेला, इथे चपखल बसतो. सगळे सगळ्यांवर गोळी झाडू शकत असतील तर ताकद संख्येच्या वर्गाप्रमाणे मोजायची. पाचास चार म्हणजे 25 विरुद्ध 16. वजाबाकी 9, वर्गमूळ 3. नेम सारखा असेल तर पाच जणांची टीम तिघे शिल्लक ठेवून जिंकते. एक गडी पडला आणि डावाचा निकाल जवळपास लागला! मोकळ्या मैदानातला एलिमिनेशन कंटाळवाणा होतो तो यामुळे. पहिला बळी कोणाचा, एवढाच प्रश्न उरतो.

आता अरुंद बोळ घ्या, जिथे एका वेळी एकच जण एकालाच दिसतो. तिथे वर्ग गळून पडतो, साधी वजाबाकी उरते: पाचास चार म्हणजे शेवटी एक शिल्लक. चौघांना आशा राहते. नकाशा करताना मी म्हणूनच आधी लांब सरळ रेषा मोजतो. मध्यभागी उभं राहून दोन्ही टीमच्या जागा दिसत असतील तर तो नकाशा एलिमिनेशनला नालायक.

बॉम्बची जादूही हीच. दोन साइट (बॉम्ब लावायच्या जागा) राखायच्या म्हणून सीटी 2-1-2 असे फुटतात, मध्ये एक. टेररिस्ट पाचही एका साइटवर आले तर तिथे पाचास दोन, म्हणजे 25 विरुद्ध 4. बाकीचे तिघे फिरून येईपर्यंत खेळ तिथे संपलेला असतो. संख्या सारखी असूनही असमान लढाई घडवता येते आणि ती ओळखून हाणून पाडताही येते. तिरकी_नजर, क्लॅन अरीनात वेगामुळे गडी विखुरतात, म्हणून तिथे बॉम्बाशिवाय चालतं. कुठल्याही मार्गाने का होईना, टीम फुटली पाहिजे.

रिलोड_नको:
मग गनफाइट मोड हा मधला रस्ता नाही का? कॉल ऑफ ड्यूटी: मॉडर्न वॉरफेअरमध्ये 2019 साली आला. दोनास दोन, 40 सेकंदांचा डाव, सहा डाव आधी जिंकेल तो जिंकला. हत्यारं सगळ्यांना सारखी, दर दोन डावांनी बदलतात, त्यामुळे सेव्हची भानगडच नाही. तब्येत (हेल्थ) आपोआप भरून येत नाही. 40 सेकंद संपले की मध्यभागी झेंडा येतो, 3 सेकंद धरला की डाव तुमचा. बॉम्बही नको आणि बसूनही राहता येत नाही.

तिरकी_नजर:
झेंडा कोणी धरलाच नाही तर? दहा सेकंदांनी ज्या टीमची उरलेली तब्येत जास्त, तिचा डाव. इथेच घोळ आहे. समजा तुम्ही दोघे 100-100, समोर 100 आणि 40. तुम्ही सुरुवातीला लांबून एकाला टोचलंत, आता काहीच करायचं नाही. झेंड्यावर नेम धरून बसा, येईल त्याला मारा. तुम्हीच म्हणालात ना, बसून राहता येत नाही?

रिलोड_नको:
बसतात ते झेंड्यापासून 3 सेकंदांच्या अंतरात. हा फरक लहान नाही. मागे पडलेल्या टीमला जागा माहीत, वेळ माहीत. एकाने स्मोक टाकून झेंड्यावर उभं राहायचं, दुसऱ्याने बाजूने नेम धरून थांबायचं. बसलेल्यांपैकी एकाला तरी धुरात शिरावंच लागतं. बहुतेक लोक इथे एक चूक करतात: दोघेही झेंड्यावर चढतात. एक ग्रेनेड, दोघे गार.

नकाशेवाला:
ही चूक गनफाइटपुरती नाही. दोघे एका रेषेत आले की एकाच फैरीत जातात, फार लांब गेले की पहिला मेल्यावर दुसरा ट्रेड करू शकत नाही, म्हणजे मारणाऱ्याला लगेच टिपू शकत नाही. पहिल्याला मारणारा पुन्हा आडोशाला जाण्याआधी दुसऱ्याची बंदूक त्याच्यावर असली पाहिजे, एवढंच अंतर ठेवायचं. आणि वेगळ्या कोनातून.

पाचवा_प्रेक्षक:
तुम्ही सगळे जिवंत गड्याबद्दल बोलताय. जो आधी मेला त्याचं काय? टीम फोर्ट्रेस 2 मध्ये 2008 साली अरीना मोड आला. रीस्पॉन नाही, मधला पॉइंट पहिली 60 सेकंद बंद, मग धरायला उघडा. तुमचा तो दबाव होता की! पण लोक जास्त झाले की हरलेल्या टीममधल्या काहींना पुढच्या डावाला बाहेर बसवायचे. आधी मेलात म्हणून बघत बसा, मग हरलात म्हणून बघत बसा. बॉम्ब असो वा नसो, एवढी वाट बघायला लावणारा मोड रुजत नाही.

रेनबो सिक्स सीजचा उपाय मला पटतो. मेलेला गडी कॅमेऱ्यांतून बघू शकतो, शत्रू कुठे आहे ते टीमला खुणावू शकतो. गोळी झाडता येत नाही, तरी माणूस खेळात असतो. व्हॅलोरंटमध्ये सेज नावाचं पात्र मेलेल्याला उठवतं, पण ते अल्टिमेट (पात्राची सगळ्यात मोठी ताकद) आहे, वरचेवर मिळत नाही.

धूरकांडी:
उठवण्याला माझा विरोध. एक जीव म्हटलं की एकच. कॅमेऱ्याचं ठीक, पण मेलेले चौघे बोलतात किती! शेवटच्याला पावलांचा आवाज ऐकायचा असतो आणि कानात चार जण चार दिशा सांगत असतात. काउंटर-स्ट्राइकमध्ये क्लच मोडची कळ आहे, दाबली की सगळ्यांचे आवाज बंद. ती नेमून ठेवा. मेलेल्याने फक्त तीन गोष्टी सांगाव्यात: कुठे, किती जण, किती जखमी. मग गप्प.

नकाशेवाला:
खाजगी लॉबीत करून बघायचं असेल तर चारास चार ठेवा, डाव 90 सेकंदांचा, बंदुका सगळ्यांना सारख्या. शेवटच्या 30 सेकंदांत पॉइंट उघडा, पण दरवेळी तीन जागांपैकी एका जागी, आणि जागा 10 सेकंद आधी दाखवा. मग आधीपासून नेम धरून बसता येत नाही. बरोबरीला तब्येत मोजू नका, डाव रद्द करा.

तिरकी_नजर:
डाव रद्द केलात तर 3-0 ने पुढे असलेली टीम प्रत्येक डाव रद्द करायलाच खेळेल. रद्द नको, दोघांनाही हार द्या. बाकी सेटिंग चालेल. तीन जागा मात्र दोन्ही टीमच्या स्पॉनपासून (सुरुवातीच्या जागेपासून) पावलं मोजून सारख्या अंतरावर ठेवा.