इन्डायरेक्टमधला पत्ता सरकत नाही

एक्सेलमध्ये तिसवाडी, बार्देश, सासष्टी अशा गोव्यातल्या तालुकावार शीटमधल्या बेरजा एका गोषवाऱ्याच्या शीटमध्ये कशा आणाव्यात, या प्रश्नावर इन्डायरेक्ट (INDIRECT, म्हणजे मजकूर म्हणून लिहिलेल्या पत्त्यावरून त्या सेलमधला आकडा आणणारे फंक्शन) सुचवले गेले आहे, आणि ते योग्यच आहे. शीटच्या नावात मोकळी जागा असल्यास ते नाव एकेरी अवतरणचिन्हांत ठेवावे, एवढेच. माझी खरी काळजी वेगळी आहे. दुहेरी अवतरणांत लिहिलेला सेलचा पत्ता निव्वळ मजकूर असल्यामुळे मूळ शीटमध्ये वर एखादी ओळ घातली तरी तो सरकत नाही, आणि सूत्र कोणतीही चूक न दाखवता भलत्याच सेलमधला आकडा आणते, जे हिशेबात फार घातक आहे. म्हणून एक्सेलमध्ये प्रत्येक शीटच्या बेरजेच्या सेलला त्या शीटपुरते ‘एकूण’ असे नाव द्यावे आणि इन्डायरेक्टमध्ये पत्त्याऐवजी शीटच्या नावाला तेच नाव जोडावे. सर्व तालुके एकाच तक्त्यात असतील, तर मात्र इंडेक्स आणि मॅच (INDEX आणि MATCH, म्हणजे तक्त्यात नाव शोधून त्याच्यासमोरचा आकडा आणणारी फंक्शन्स) हीच जोडी घ्यावी, कारण इन्डायरेक्ट प्रत्येक बदलागणिक पुन्हा मोजले जाते आणि त्याने फाइल संथ होऊ शकते.