सध्या काय पाहताय, काय वाचताय? (चित्रित नाटकही चालेल, पण आधी पटवून द्या)

धागाकर्ती
रोज संध्याकाळी मालिकांची यादी वरखाली करते आणि काहीच न बघता झोपते. तुम्हाला हल्ली मनापासून आवडलेलं काहीतरी सुचवा. अट एकच, लांबण नको: मालिका असेल तर आटोपशीर, पुस्तक असेल तर दीडेकशे पानांचं. चित्रित नाटकांबद्दल मात्र मी साशंक आहे. नाटक म्हणावं तर समोर माणूस नाही, सिनेमा म्हणावं तर सगळे ओरडून बोलतात. मागे एक लावलं होतं, पंधराव्या मिनिटाला भांडी घासायला उठले.

तिसरी घंटा
भांडी घासायला उठलात त्यात तुमची चूक नाही. प्रेक्षागृहात कोणाकडे बघायचं हे आपण ठरवतो, चित्रणात ते कॅमेरा ठरवतो. बोलणाऱ्याचा चेहरा मोठा करून दाखवला की ऐकणारा गायब, आणि नाटक बरेचदा ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर घडत असतं.

म्हणून सुरुवात एकपात्रीपासून करा. नॅशनल थिएटर लाइव्हचं (लंडनच्या नॅशनल थिएटरचा नाटकं चित्रित करून दाखवण्याचा उपक्रम) ‘वान्या’ बघा. चेखॉव्हच्या ‘अंकल वान्या’तली सगळी पात्रं एकटा अँड्र्यू स्कॉट करतो. वेशभूषा बदलत नाही, मिशा लावत नाही. गळ्यातल्या साखळीशी चाळा सुरू झाला की ती हेलेना, हातात चेंडू आला की डॉक्टर. त्या दोघांचा प्रणयप्रसंगही तो एकटाच करतो. हसू येईल असं वाटतं, येत नाही. लक्ष्मण देशपांड्यांचं ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ बघितलेल्यांना एका माणसाने 52 पात्रं उभी करण्याचं नवल नाही, पण तिथे बोलीची आणि लकबींची आतषबाजी होती, इथे सगळं दबक्या आवाजात आहे. तुमच्या ओरडण्याच्या तक्रारीवर हाच उतारा.

दुमडलेलं पान
कॅमेऱ्याबद्दल असहमत. ‘हॅमिल्टन’ हे ब्रॉडवेचं संगीतनाटक बघा. 2016 च्या जूनमध्ये मूळ संचाचे प्रयोग प्रेक्षकांसह टिपले, शिवाय काही भाग रिकाम्या प्रेक्षागृहात कॅमेरा थेट रंगमंचावर नेऊन चित्रित केले. राजाच्या तोंडून गाताना उडणारी थुंकीसुद्धा दिसते! पहिल्या रांगेतल्यालाही एवढं दिसलं नसेल. (गाण्यांचा वेग प्रचंड आहे, सबटायटल लावा. लाज कसली.)

पुस्तक: सामंथा हार्वीचं ‘ऑर्बिटल’, 2024 चं बुकर. अंतराळस्थानकातली सहा माणसं, एकच दिवस, पृथ्वीभोवती 16 फेऱ्या. कथानक जवळजवळ नाहीच, त्यामुळे ‘पुढे काय’ विचारणाऱ्यांनी वाटेला जाऊ नये. मी रोज दोन-तीन फेऱ्या वाचायचो. एका बैठकीत संपवायला गेलात तर कंटाळाल, आणि दोष पुस्तकाला द्याल.

बानू मुश्ताक यांचं ‘हार्ट लॅम्प’ही घ्या, 12 कथा आहेत. मूळ कन्नड, दीपा भास्ती यांचा इंग्रजी अनुवाद, 2025 चं आंतरराष्ट्रीय बुकर. दीडशे पानांत बसत नाही, पण एकेक कथा सुटी वाचता येते. अनुवादात कन्नड शब्द तसेच ठेवलेत, तेच मला सर्वांत आवडलं.

तिसरी घंटा
थुंकीचा मुद्दा मान्य :)

मालिका राहिलीच. ‘अ‍ॅडोलेसन्स’, चारच भाग, प्रत्येक भाग एका सलग शॉटमध्ये. विंगेत गेलेला नट परत येईपर्यंत काय करत असेल, असा नाटकवाल्यांना पडणारा प्रश्न इथे सतत पडतो. तिसरा भाग म्हणजे जवळपास दोनपात्री नाटक: एक खोली, मुलगा, मानसशास्त्रज्ञ. त्या मुलाचं, ओवेन कूपरचं, हे पडद्यावरचं पहिलंच काम, आणि चित्रीकरणही याच भागापासून सुरू झालं होतं. दुसरा भाग मला थोडा विस्कळीत वाटला. शाळाभर पळापळ फार.

धागाकर्ती
मालिका दोन रात्रींत संपली. तिसऱ्या भागात एकदाही फोन हातात घेतला नाही. ‘वान्या’ अर्धं झालंय. पहिली वीस मिनिटं कोण कोणाचं कोण हेच कळेना, मग साखळीची खूण सापडली आणि रुळले. आता कोणी ‘फ्रँकेन्स्टाइन’च्या दोन आवृत्त्या आहेत म्हणतंय, त्यातली कुठली?

तिसरी घंटा
2011 चं नॅशनल थिएटरचं नाटक, डॅनी बॉइल दिग्दर्शित. बेनेडिक्ट कंबरबॅच आणि जॉनी ली मिलर आलटून पालटून शास्त्रज्ञ आणि त्याने घडवलेला जीव व्हायचे, दोन्ही चित्रित आहेत. आधी कंबरबॅच तो जीव आहे ती बघा. सुरुवातीला बराच वेळ तो नुसता उभं राहायला शिकतो, संवाद जवळपास नाहीतच. दुसरी लगेच नको, महिनाभराने.