घसरणीच्या काळात "अमर्याद मानवी विकास" म्हणणं ही श्रद्धा की फसवणूक?

मेणबत्ती
मागच्या रविवारी एका प्रार्थनासभेत शेवटच्या बाकावर बसले होते. पुढे एक गृहस्थ, कारखाना बंद पडून आठ महिने झालेले, आणि वक्ते सांगतायत की देव तुम्हाला अमर्याद वाढवणार आहे, फक्त विश्वास कमी पडू देऊ नका. त्या गृहस्थांनी बायबल मिटलं आणि मांडीवर ठेवून अंगठ्यानं त्याची कड घासत बसले. पुढचं प्रवचन मला ऐकूच आलं नाही.

माझं म्हणणं असं की वाढीला शेवट नाही ही कल्पना ख्रिस्ती परंपरेत खरोखर आहे, पण तिचा पगाराशी काही संबंध नाही. चौथ्या शतकात निस्साचा ग्रेगरी म्हणून बिशप होऊन गेला. बायबलमधल्या पत्रात संत पौल फिलिप्पैकरांना लिहितो ना, की मागचं विसरून मी पुढच्याकडे झेपावतो, तेवढा धागा धरून ग्रेगरी म्हणतो की देवच अनंत आहे, तर त्याच्याकडे जाणाऱ्याचा प्रवास संपेल कसा? बायबलमधला मोशे डोंगर चढतो, देवाशी बोलतो, आणि तरी अजून दाखव म्हणतो. आणि हे काही सुबत्तेत बसून सुचलेलं नाही. ३६८-६९ च्या सुमारास त्यांच्या कप्पदुकियात, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या एका प्रदेशात, भयंकर दुष्काळ पडला होता. सख्खा मोठा भाऊ बासिल तेव्हा धान्य दाबून ठेवणाऱ्यांवर तुटून पडला, लूकच्या शुभवर्तमानातला जुनी कोठारं पाडून मोठी बांधणाऱ्या श्रीमंताचा दाखला घेऊन, की तू दडवलेली भाकरी भुकेल्याच्या मालकीची आहे. नुसतं बोलला नाही, लोकांना जेवायला घातलं. एकाच घरातले दोघं भाऊ! मला या दोन गोष्टी वेगळ्या वाटतच नाहीत.

कोरडा_ठाक
असहमत. ताई, लिहिलंय छान, पण बासिल-ग्रेगरीचं घराणं जमीनदारांचं होतं हेही सांगा की. खिचडीची पातेली चढली म्हणून करवसुली थांबली का? ग्रेगरीनं गुलामगिरीवर जबरदस्त प्रवचन दिलं, मान्य, त्या काळात इतकं सरळ बोलणारा दुसरा सापडणं कठीण. पण पुढे दीड हजार वर्षं ख्रिस्ती राजे आणि ख्रिस्ती व्यापारी माणसं विकतच होते ना? आतली वाढ अमर्याद आहे असं एकदा पटवलं की बाहेर चाललेल्या घसरणीचा हिशेब मागायला कोणी उरत नाही. भुलीचं इंजेक्शन आहे हो हे, ऑपरेशन मात्र होतच नाही.

अर्धा_ग्लास
कोणीतरी जर्मन समाजशास्त्रज्ञ माक्स वेबरला आणणारच, तर मीच आणतो. १९०४-०५ मधली त्याची मांडणी थोडक्यात अशी की आपलं तारण, म्हणजे देवाकडून मुक्ती, झालंय की नाही या धास्तीनं काही प्रोटेस्टंट पंथांचे लोक शिस्तीत राबले, उधळपट्टी टाळली आणि त्यातून भांडवलशाहीला हवा तसा माणूस तयार झाला. लोक इथेच थांबतात. पण तो पुढे म्हणतो की श्रद्धा निघून गेली आणि राबण्याच्या सक्तीचं पोलादी कवच तेवढं मागे राहिलं. म्हणजे अध्यात्म असेल तर समृद्धी येते असं सांगायला वेबर वापरू नका, प्लीज.

बाराखडी
ठाक साहेब, ऑपरेशन होत नाही म्हणता, तर हे बघा. स्पेनच्या बास्क भागातलं मोंद्रागोन. यादवी युद्ध संपून दोन वर्षंही झाली नव्हती, १९४१ मध्ये तिथे होसे मारिया आरिस्मेंदियारिएता नावाचा पंचविशीतला पाद्री आला. गावात युद्धानंतरची गरिबी, बेकारी आणि बदला. या बाबानं आधी काय केलं, तर १९४३ मध्ये मुलांसाठी छोटी तांत्रिक शाळा काढली. कारखाना नंतर, तेरा वर्षांनी! त्याच्या पाच विद्यार्थ्यांनी १९५६ मध्ये स्टोव्ह वगैरे बनवायला सुरुवात केली, कामगारच मालक, आणि सुरुवातीला सर्वात मोठा पगार सर्वात लहान पगाराच्या तिप्पटच. १९५९ मध्ये स्वतःची पतसंस्था. आज त्यातून वाढलेल्या सहकारी संस्थांच्या समूहात हजारो लोक काम करतात. माणूस वाढला पाहिजे हे त्यानं शब्दशः घेतलं, म्हणजे वर्गात फळा आणि वर्कशॉपमध्ये लेथ. प्रवचनं पण करायचा, पण म्हणे फार काही रंगायची नाहीत, मला तर ते आवडलंच 😀

कोरडा_ठाक
उदाहरण चांगलं निवडलंत पण अर्धंच सांगितलंत. त्याच समूहातली घरगुती उपकरणं बनवणारी फागोर २०१३ मध्ये दिवाळखोरीत गेली. घरबांधणीचा फुगा फुटला, फ्रिज-वॉशिंग मशीनचा खप आटला, आणि बाकीच्या संस्थांनी एका टप्प्यावर सांगितलं की यापुढे आम्ही पैसे ओतणार नाही. शिवाय परदेशातल्या तिच्या कारखान्यांत जे राबत होते ते भागीदार नव्हतेच, साधे पगारी कामगार. मग अमर्याद विकास कुणाचा?

बाराखडी
पोलंड-फ्रान्सच्या कामगारांचा मुद्दा बिनशर्त मान्य, त्याला माझ्याकडे बचाव नाही. पण घरच्या सभासदांचं काय झालं तेही बघा, बऱ्याच जणांना समूहातल्या दुसऱ्या संस्थांनी सामावून घेतलं. साध्या कंपनीत हातात एक पत्र देतात आणि गेट दाखवतात. कंपनी बुडू शकते हे कोण नाकारतंय, बुडाल्यावर माणूस कुठे जातो हा माझा प्रश्न आहे. आणि हो, हे चर्चमध्ये न जाणारेही करू शकतात, तेवढं मी कबूल करतो.

कोरडा_ठाक
मग ख्रिस्ती अध्यात्म त्यात नेमकं लागतं कशाला, एवढंच सांगा.

मेणबत्ती
लागतंच असं मी म्हणणार नाही. मला ते लागतं कारण सगळं उतरणीला लागलं की मी आधी माणसं मोजायला लागते, कोण कामाचं, कोण ओझं. ग्रेगरीचं वाचलं की ते मोजणं अडतं, कारण ज्याची वाढ संपलेलीच नाही त्याचा भाव तुम्ही कुठल्या दिवशी ठरवणार? गुलामगिरीवरही त्यानं साधारण हेच विचारलं होतं, की देवाच्या प्रतिमेची, म्हणजे माणसाची, किंमत किती लावलीस बाबा?

बाकी ठाक दादा, तुमचा राग मला कळतो. काल ते गृहस्थ भेटले. चहा घेतला. बराच वेळ इकडचं तिकडचं झाल्यावर म्हणाले, माझा विश्वास कमी पडला म्हणून गेली का नोकरी? मी म्हटलं, छे हो, मालकानं मशिनं विकली म्हणून गेली. तर म्हणाले, मग त्या दिवशी सभेत उठून का नाही बोललात?

कोरडा_ठाक
आणि?

मेणबत्ती
आणि काय. कप धुवायला उचलले.